बापांना खाली बसवणाऱ्या टीचर

जेसिंता टीचरना उभा माणूस चालत नसे. दारात उभा, भिंतीला टेकून उभा, खिशात हात घालून उभा, कसाही असो. "बसा," म्हणायच्या. तो खुर्ची शोधायला लागला की म्हणायच्या, "तिथे नाही. खाली." ज्यांच्या एका हाकेवर सगळे खलाशी धावतात असे तांडेल फरशीवर मांडी घालून बसलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. टीचरच्या मयताला सांडोरच्या चर्चमध्ये बाकं भरून गेली आणि आम्ही वसईच्या पाचूबंदरची कोळी माणसं मागे उभी राहिलो. मला सारखं वाटत होतं, आता पेटीतून आवाज येईल.

फादरनी सांगितलं, पास्कू, टीचरच्या आठवणींचं पुस्तक काढतोय, तू पण लिही. मी चौथी पास. बोटीचा नाखवा म्हणून जन्म गेला, लिहायचं काम कधी पडलं नाही. पण बाकीच्यांनी लिहिलेलं फादरनी वाचून दाखवलं. त्यात 'सेवाभावी' होतं, 'त्यागमूर्ती' होतं, आणि टीचर काही मला दिसल्या नाहीत. मग म्हटलं, आण कागद. शुद्धलेखन नातीने बघितलंय. शब्द माझे आहेत, ते बदलू नयेत.

जेट्टीजवळ माझी जुनी बर्फाची खोली आहे. आता बर्फ गाडीतून सरळ बोटीवर येतो, म्हणून खोलीत फाटकी जाळी, मोडके खोके, आणि पावसाळ्यात पोरांचा कॅरम. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून त्यांच्यावर ताडपत्री घातली की आमचे बाप्ये रिकामे. झोपायचं, कॅरम खेळायचा, बायकोशी भांडायचं. अशाच दिवसांत एका सकाळी टीचर स्कूटीवरून आल्या. स्कूटी इतकी हळू चालवायच्या की कुत्रं पण शेजारून चालत पुढे जाई. साडीच्या निऱ्यांना मोठी सेफ्टी पिन, पायात रबरी चपला, हँडलला काळी छत्री अडकवलेली.

"पास्कूमामा, तुमची खोली पाहिजे. रविवारी दुपारची."

"कशाला?"

"बापांचा वर्ग घ्यायचाय."

"कोनाच्या बापाचा?"

"ज्याला पोर आहे त्या सगळ्यांचा. आयांचे वर्ग खूप झाले. लस कधी, खिमट कसं, सगळं आयांना सांगतात. बापाला कुणी काही सांगितलेलं मी बघितलं नाही."

मी हसलो. म्हटलं, "टीचर, तुमचा लगीन नाय, पोर नाय. तुमी बापांना काय शिकवनार?"

त्या रागावल्या नाहीत. छत्री काढून झटकली. म्हणाल्या, "मामा, सगळी नोकरी बालवाडीच्या दारात गेली माझी. आया पोराला सोडून चार पावलं जायच्या आणि वळून बघायच्या. बाप पोराचा हात माझ्या हातात द्यायचे आणि निघायचे. तुमच्या गावातल्या एका बापाचं तोंड मला आठवत नाही. सगळ्यांच्या पाठी आठवतात."

मी सांगितलं, चावी मिळायची नाही. घरी आलो तर खिळ्यावर चावी नव्हती. माझ्या बायकोने, कातरिनने, मागच्या दाराने देऊन टाकली होती. मी ओरडलो, तर म्हणते, "त्या पाठींत एक तुजी पन व्हती. मीच टीचरला वळकवून दिली."

पहिल्या रविवारी मी खोलीचा मालक म्हणून गेलो. कुणी काही मोडू नये म्हणून. कोपऱ्यात खोक्यावर बसलो, आणि पुढे वर्षभर तो खोका माझाच राहिला. तुम्ही मोठे आहात म्हणून खोका चालेल, असं टीचर म्हणाल्या होत्या.

सातआठ बाप आले होते. बायकांनी ढकललेले. काही कॅरमसाठीच आले होते, तर टीचर कॅरम बोर्ड पालथा घालून त्यावर स्वतः बसलेल्या. पदराखालून पिशवी काढली. आत सुकेळी, घरच्या राजेळी केळ्यांची, वाळवलेल्या पानात बांधलेली. सांडोरला त्यांची केळीची वाडी होती. प्रत्येकाच्या हातात एकेक सुकेळं दिलं आणि म्हणाल्या, "आता नावं."

आमच्याकडे माणूस बोटीच्या नावाने ओळखतात. अमक्या बोटीचा दुमिंग, तमक्या बोटीचा पीटर. टीचरनी ते चालू दिलं नाही. "बोटीचं नको. पोराचं सांगा. मी जॉयचे पप्पा, मी सायमनचे पप्पा." गडी लाजले. तीन पोरं असलेल्याला कुठलं नाव घ्यावं कळेना. टीचर म्हणाल्या, "जे तुमच्याजवळ कमी येतं त्याचं घ्या."

माझा भाचा संतान भिंतीला लागून बसला होता. बहिणीचा मुलगा, माझ्या बोटीवर तांडेल. पाचूबंदरात त्याच्यासारखा समुद्र कळणारा दुसरा नाही, हे मी भाचा म्हणून म्हणत नाही. टीचर म्हणाल्या, "रियाचे पप्पा." त्याने मान वर केली नाही. परत म्हणाल्या. शेजारच्याने कोपर मारलं तेव्हा त्याने बघितलं. त्या नावाने त्याला तोपर्यंत कुणी हाकच मारली नव्हती.

आता संतानचं सांगायला पाहिजे, कारण टीचरनी तो सगळा वर्ग मांडला तो त्याच्यासाठी, असं मला वाटतं. त्या कबूल करायच्या नाहीत. संतानची बायको लिझा आजारात गेली तेव्हा रिया नुकती चालायला लागली होती. संतान आठआठ दिवस समुद्रावर. पोरीला सांडोरला तिच्या आजीने नेलं, लिझाच्या आईने. टीचरच्या घरापासून दोन वाड्या सोडून त्यांचं घर. संतान किनाऱ्याला आला की खाऊ घेऊन जायचा. पोर आजीच्या मागे लपायची. हा खाऊ ओट्यावर ठेवून यायचा. रिया चार वर्षांची झाली तरी तेच. आजी थकली. मुलुंडला लिझाची बहीण, ग्लोरिया, नोकरी करणारी, तिला मूल नाही. ती म्हणाली, पुढच्या जूनला रियाला शाळेत घालायचं, तेव्हा मी तिला कायमची घेऊन जाते. संतानला नाही म्हणता येईना. पोर जवळ येत नाही तो बाप कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? आजी एवढंच बोलली होती, "जूनपर्यंत तुझ्याकडे आली तर तुझी."

तर असा तो वर्ग. वर्षभराची मुदत, आणि त्या मुदतीत निम्मे दिवस बाप पाण्यावर.

टीचर शिकवायच्या म्हणजे फळ्यावर काही लिहायच्या नाहीत. विचारायच्या. "तुमचं पोर कुठल्या कुशीवर झोपतं?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पीटर म्हणाला, "बायकोला फोन करू?" टीचर म्हणाल्या, "नाही. घरी जा, बघा, मग सांगा. आणि बघताना मोबाईल बाजूला." पुढच्या रविवारी पीटर सांगतो, "टीचर, तो कुशीवर झोपतच नाय. पालथा झोपतो, आनि झोपेत दात खातो. मना वाटला उंदीर हाय." सगळे हसले. टीचर म्हणाल्या, "हं."

त्यांच्या 'हं'वर आमच्या लोकांची गाडी चालायची. शाब्बास त्या पोरांना म्हणायच्या, बापांना नाही. बापांना 'हं'. एक 'हं' बरं चाललंय असा, एक खोटं बोलतोयस असा, आणि एक लांब, नाकातला, तो आला की माणूस घरी जाऊन गप जेवायचा.

दुमिंगचा किस्सा सांगतो. दुमिंग म्हणजे आडदांड गडी. एका रविवारी येऊन सांगितलं, पोराने बाजूवाल्याच्या घराची काच फोडली, चांगल्या दोन ठेवून दिल्या. मला वाटलं आता टीचर भाषण करणार. त्यांनी विचारलं, "कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"जेवता कुठल्या हाताने?"

"उजव्याच की."

"मग त्याच हाताने त्याला एक घास भरवून या. बाकीचं नंतर बोलू."

पुढच्या वेळी दुमिंग तोंड पाडून आला. "नाय खाल्ला. तोंड फिरवला. बारा वर्साचा घोडा हाय, टीचर, तो काय बापाच्या हातून खानार?"

"परत जा."

तिसऱ्या वेळी तो आला तो बोट दाखवतच आला. "खाल्ला. आनि बोट पन चावला." बोटावर खरंच दातांची खूण होती, आणि हा माणूस ती सगळ्यांना दागिना दाखवावा तशी दाखवत होता. टीचर म्हणाल्या, "हं." बरं चाललंय असा तो 'हं'.

पण टीचर चुकायच्या पण. ते कुणी लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो. संतानच्या बाबतीत त्या अशा चुकल्या की दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती.

त्यांनी रियाच्या आजीकडे जाऊन चौकशी केली. आजी म्हणाली, पोर त्याच्या वासाला भिते, दाढीला भिते. समुद्रावरून आलेल्या माणसाला मासळीचा, डिझेलचा वास असतोच, धुतला तरी जात नाही. टीचरनी संतानला हुकूम सोडला. दाढी काढायची, वासाच्या साबणाने आंघोळ करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि रविवारी मिसा झाल्यावर सांडोरच्या चर्चसमोर यायचं. त्या रियाला घेऊन तिथे थांबणार. दाढी संतान मिसरूड फुटल्यापासून ठेवत आला होता. निघाली तेव्हा खालचे गाल पांढरे फटक, कपाळ काळं. मी म्हटलं, "अर्धा कोळी नि अर्धा कारकून दिसतोस." त्याने अंगाला सेंट पण मारलं होतं.

रियाने त्याला बघितलं आणि जी किंकाळी मारली, ती चर्चच्या आवारात सगळ्यांनी ऐकली. आजीच्या कमरेला चिकटली, सुटेना. आजी म्हणाली, "अगो, पप्पा हाय तो." पोर म्हणाली, "हा नाय. दाढीवाला पप्पा."

पोरीला तो ओळखीचा होता, बघा. जवळ जायची नाही, पण दाढीवाला एक पप्पा असतो आणि तो खाऊ ठेवून जातो, एवढं तिचं पक्कं होतं. तो टीचरनीच पुसून टाकला. संतान तिथून जो निघाला तो थेट जेट्टीवर येऊन ओढलेल्या बोटीखाली बसला. दाढी वाढेपर्यंत सांडोरला गेला नाही.

पुढच्या वर्गात टीचर कॅरम बोर्डावर बसल्या नाहीत. फरशीवर सगळ्यांच्या रांगेत बसल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. मुलगी कशाला भिते ते मी तिच्या आजीला विचारलं. मुलीकडे बघितलं नाही. तुम्हाला सांगते बघा म्हणून, आणि स्वतः विचारून मोकळी झाले." बाप्ये चूक कबूल केलेली ऐकतात, पण अशी समोर बसून, सरळ तोंडाने केलेली आम्ही कधी ऐकली नव्हती. दुमिंगने खिशातून एक सुकेळं काढलं, जपून ठेवलेलं असणार, आणि त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते सोलून खाल्लं.

मग संतानला म्हणाल्या, "आता काही करायचं नाही. जायचं, ओट्यावर बसायचं, जाळं विणायचं. हाक मारायची नाही, खाऊ न्यायचा नाही. उठावंसं वाटेल तेव्हा अजून थोडं बसायचं."

"आनि बोलायचा काय?"

"ती बोलेल ते."

ऑगस्टमध्ये समुद्र खुला झाला. वर्ग बोटींच्या येण्यावर चालू लागला. टीचर मला फोन करायच्या, "मामा, किती बाप आत आहेत?" किती बोटी, असं नाही. मी सांगायचो. मला काय, खोली माझी, सांगायला लागायचंच. संतान किनाऱ्याला आला की पहिला लिलाव उरकायचा, जाळं खांद्यावर टाकायचा आणि सांडोर. केळीच्या वाड्यांतून जाळं घेऊन जाणारा माणूस बघून तिथले लोक हसायचे. ओट्यावर बसून विणत राहायचा. आधी रिया खिडकीतून बघायची. मग दारातून. मग एक दिवस येऊन जाळ्याच्या एका घरात तिने बोट घातलं आणि पळाली. हे सगळं तो वर्गात सांगायचा, समुद्रावर काय लागलं ते सांगावं तसं, आणि बाकीचे बाप "मग?" "मग?" करत ऐकायचे. टीचर डोळे मिटून ऐकायच्या.

नाताळाच्या सुमारास रिया तुटक्या हाताची बाहुली घेऊन आली. म्हणाली, "हिला बांध." त्याने बांधली. दुसऱ्या दिवशी रिबन घेऊन आली. स्वतःचे केस पुढे केले. "मना पन."

आता ह्या गड्याला गाठ एकच येते. त्याने वेणी घातली, बरी घातली, आणि रिबनला जाळ्याची गाठ मारली. आमची गाठ समुद्राला सुटत नाही, ती म्हातारीला काय सुटणार? आजीने दातांनी ओढलं, पिन घातली, तेल ओतलं. शेवटी रिबन कातरीने कापली. पोर रिबनसाठी रडली, आजीने चिडून टीचरना बोलावलं. टीचर इतक्या हसल्या की तिथेच पायरीवर बसल्या. संतानला निरोप पाठवला, "सैल बांधत जा. पोर आहे, सरंगा नाही, पळून जायचा." त्यानंतर आमच्या खोलीत रिबनी आल्या. हातभर दाढीचे गडी खुर्चीच्या पायाला फुलं बांधत बसलेत, असं मी बघितलं. हसायचं तर कुणाला हसायचं?

इथपर्यंत टीचरबद्दल माझी काही तक्रार नव्हती. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपास सुरू झाला त्या आठवड्यात संतान माझ्या घरी आला. बसला. म्हणाला, "मामा, मी मोठी बोट सोडतो. पीटरच्या भावाची लहान होडी हाय. पहाटे जायचा, दुपारी घरी. आठ आठ दिस बाहेर राहून पोर माजी व्हनार नाय."

तांडेलपण सोडून होडी. ज्याच्या हातात मी माझी बोट डोळे मिटून दिली, तो आता बंदरातल्या बंदरात बोंबील धरणार. मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही. रिक्षा केली आणि सरळ सांडोरला टीचरच्या दारात गेलो.

त्या वाडीत केळीची सुकी पानं काढत होत्या. मी दारातूनच सुरू केलं. तुमी माझा तांडेल फोडला, तुमाला समुद्रातला काय कळतं, बाप म्हंजे घरी बसून वेन्या घालनारा काय, त्याने कमवायचा कोनी. त्या ऐकत राहिल्या. पानं खाली ठेवली, हात धुतले, पाणी आणून दिलं.

"मी त्याला बोट सोड म्हटलं नाही, मामा."

"मग कोन म्हनला?"

"कुणी नाही. मला वाटत होतं तो म्हणेल. आणि मला भीती पण वाटत होती, की म्हणेल म्हणून. तुमच्याकडे मीच यायला हवं होतं."

मी म्हटलं, आमचे बाप पण समुद्रावरच होते, आम्ही मेलो नाही. टीचर म्हणाल्या, "माझे बाबा जहाजावर होते. वर्षाने यायचे. मोठी पेटी, त्यात बाहुली, साबण, बिस्किटं. मी त्यांच्या मांडीवर कधी बसलेली मला आठवत नाही. ते कायम उभेच असायचे. आत्ता आले म्हणून उभे, आता निघायचंय म्हणून उभे. चांगले होते हो. सगळे म्हणायचे, फार चांगला माणूस. मी पण तसंच म्हणते, लोकांसारखं."

मी पाणी पिऊन परत आलो. मला त्यांचं पटलं नव्हतं. बोट मी दुसऱ्या तांडेलला दिली. त्याला संतानच्या नखाची सर नाही, हे मी आज पण म्हणतो. पण बोट सोडल्याबद्दल संतानला मी परत काही बोललो नाही.

मे संपता संपता ग्लोरिया आली. शाळेचं ठरवायचं होतं. पोरीचा प्रश्न म्हणजे दोन्हीकडची वडील माणसं पाहिजेत, म्हणून संतानच्या बाजूने मी आणि कातरिन गेलो. विहीणबाईंनी, म्हणजे रियाच्या आजीने, टीचरनाही बोलावलं होतं. संतान रात्रीपासून जेवला नव्हता. टीचरनी त्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "आज तू काही बोलायचं नाहीस. तू काय बोलशील ते ग्लोरियाला माहीत आहे."

ग्लोरिया वाईट बाई नाही, हे इथे लिहून ठेवतो. बहिणीची खूण म्हणून त्या पोरीवर तिचा जीव होता. तिने मुलुंडच्या शाळेचं सांगितलं, खोली कशी रंगवून घेतलीय ते सांगितलं. आजी म्हणाली, आधी जेवूया.

विहीणबाईंनी भिंगाचं कालवण केलं होतं. भिंग मासा चवीला उत्तम, पण काट्यांनी भरलेला. रिया संतानच्या शेजारी बसली होती. संतानने काटे काढून मासा तिच्या भातात ठेवला. लक्ष सगळं ग्लोरियाकडे होतं, म्हणून एक राहिला असणार. पोरीने घास तोंडातून बाहेर काढला, बघितला, आणि त्याच्या मनगटावर चापट मारली.

"पप्पा, काटा हाय. नीट बघ ना. काल पन तू असाच केला. मी नाय खानार जा." आणि ताट सरकवून पाठ फिरवून बसली.

संतान घाबरला. आज सगळ्यांसमोर पोर रुसली, म्हणजे गेली. त्याने ताट ओढून घेतलं आणि मान खाली घालून एक एक काटा काढायला लागला. रिया खांद्यावरून मागे बघून त्याला दाखवत होती, "तो. तो नाय रं, तो बारका."

ग्लोरियाचा हात भातातच थांबला होता. ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे सुट्टीत येते तेव्हा ताटात वाढेल ते गुपचूप खाते. मी सगळ्यांना सांगते, आमची रिया किती शहाणी."

टीचर म्हणाल्या, "शहाणी नव्हती, ग्लोरिया. पाहुणी होती."

म्हणाल्या, आणि लगेच उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला. ग्लोरिया रडली. कालवण निवत होतं. रिया म्हणाली, "मावशीच्या पन काटा लागला काय?" आणि संतानने, बोलायचं नाही असं बजावलेलं असताना, म्हटलं, "हो. तिचा पन काढूया."

त्या दिवशी ग्लोरियाने काही कबूल केलं नाही. संध्याकाळी निघताना म्हणाली, "मी विचार करून फोन करते." शाळेत नाव घालायला आठवडा होता. तो आठवडा संतानने कसा काढला ते त्यालाच माहीत. टीचर रोज मला फोन करायच्या. "मामा, काही कळलं?" त्या आवाजात कुठलाच 'हं' नसायचा.

जून लागला तेव्हा टीचर आमच्या खोलीत येईनाशा झाल्या होत्या. सातिवलीला त्यांनी दुसरा वर्ग सुरू केला होता. तिथल्या कारखान्यांत बाहेरून आलेले कामगार असतात, बायकापोरं आता इथे आणलेली, बापाला पोर नवं आणि पोराला बाप. आपल्या मोडक्या हिंदीत टीचर त्यांना काय सांगत असतील देव जाणे. मी म्हटलं होतं, "हिकडचे संपले काय बाप?" तर म्हणाल्या, "तुमचे आता एकमेकांना शिकवतात. मला तिथे काही काम नाही."

ग्लोरियाचा फोन आला त्या सकाळी संतान होडी घेऊन गेला होता, बंदी मोठ्या बोटींना असते, होडीला नाही. फोन विहीणबाईंनी घेतला आणि मला कळवलं. ग्लोरिया म्हणाली होती, "नाव वसईतच घाला. सुट्टीत मात्र माझ्याकडे पाठवा." कातरिन म्हणाली, टीचरना फोन लाव. मी लावला नाही. दोन सरंगे कागदात गुंडाळून पिशवीत टाकले आणि रिक्षाने सातिवलीला गेलो. ही आमची शेवटची भेट. त्यानंतर महिन्याभरात टीचर झोपेतच गेल्या, कुणाला हाक न मारता.

कारखान्यांना सुट्टी होती. विचारत विचारत गोदाम सापडलं. पत्र्याचं, आत खोक्यांच्या थप्प्या, उकाडा मरणाचा, आणि पंखा बंद. दहाबारा गडी बसलेले आणि एक जण पण बोलत नव्हता. मधोमध एक जवान पोरगा भिंतीला टेकलेला, त्याच्या छातीवर तान्हं मूल झोपलेलं. तो श्वास पण जपून घेत होता. कपाळावरचा घाम नाकावर येऊन टपकत होता आणि तो पुसत नव्हता. शेजारचा खोक्याच्या पुठ्ठ्याने मुलाला वारा घालत होता. हलूसुद्धा नका, असं सगळ्यांच्या तोंडावर.

टीचरनी मला दारात बघितलं. भुवया वर केल्या. मी मान हलवली. हो. राहिली.

त्यांनी डोळे मिटले. हात छातीशी गेला, तिथेच राहिला. ओठ हलले, ते माझ्यासाठी नव्हते. मग डोळे उघडून त्यांनी त्या पोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात बाहेर एक टेम्पो येऊन हॉर्न वाजवायला लागला. टीचर उठल्या, माझ्या अंगावरून बाहेर गेल्या, टेम्पोवाल्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. तो गप्प झाला, गाडी बंद केली. परत येताना त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, आत काय आहे ते बघितलं पण नाही, ओले डोळे खांद्याला पुसले आणि आत गेल्या. पत्र्याचं दार करकरत होतं. ते करकरू नये म्हणून खालून पाय लावून, थोडं थोडं करत, त्यांनी ते ओढून घेतलं.